एजंटला ‘पास’चा अर्थ सांगा: क्यूबकॉन्फॉर्मचं डॉक्युमेंटेशन

कंटेनर चालवणाऱ्या कुबरनेटिस या प्रणालीच्या १.२५ आवृत्तीत क्रॉनजॉबचं (ठरल्या वेळी चालणाऱ्या कामाचं) ‘बॅच/व्ही१बीटा१’ हे एपीआय काढून टाकलं गेलं. त्या एपीआयवर लिहिलेली एखादी जुनी कॉन्फिगरेशन फाइल (मॅनिफेस्ट) रेपोत राहून गेली असेल आणि अशा फाइल स्कीमाशी, म्हणजे कुठल्या फील्ड चालतात याच्या व्याख्येशी, ताडून पाहणाऱ्या क्यूबकॉन्फॉर्मला तपासणीसाठी १.२५.० ही आवृत्ती दिली असेल, तर ‘क्रॉनजॉबचा स्कीमा सापडला नाही’ एवढं सांगून ते १ हा एग्झिट कोड देतं (० म्हणजे पास). काम चोख झालं. आता त्याच कमांडला -इग्नोर-मिसिंग-स्कीमाज हा स्कीमा नसलेलं सोडून देणारा फ्लॅग जोडून पाहा. क्रॉनजॉब ‘स्किप्ड’मध्ये मोजला जातो, एग्झिट कोड ० येतो, सीआय (आपोआप चालणारी तपासणी) हिरवं होतं आणि तीच फाइल क्लस्टरवर लावताना एपीआय सर्व्हर नाकारतो.

अनुभवी माणूस हा फ्लॅग जोडण्याआधी थोडा तरी थबकतो. एजंटला, म्हणजे स्वतः कमांड चालवून फाइल बदलणाऱ्या एआयला, काम दिलेलं असतं ‘व्हॅलिडेशन पास होईल असं कर’, आणि टूलचा हेल्प मजकूर वाचला की पास होण्याचा सगळ्यात छोटा रस्ता तोच दिसतो. म्हणून एजंटसाठी व्हॅलिडेटरचं डॉक्युमेंटेशन लिहिताना ‘टूल कसं चालवायचं’ हा भाग दुय्यम ठरतो. तो हेल्पमधून लगेच कळतो. हेल्पमध्ये जे नसतं ते लिहायचं: शून्य आलं तेव्हा नेमकं काय तपासलं गेलं, काय तपासलंच नाही, आणि शून्याकडे जाणाऱ्या कोणत्या वाटा बंद आहेत.

(फ्लॅग आणि फील्डची नावं इथे नागरीत लिहिली आहेत. तुमच्या फाइलमध्ये ती टूलमध्ये आहेत तशी, अक्षरन् अक्षर हवीत. एजंट ती आउटपुटशी ताडून बघतो.)

जुनं नाव, जुने फ्लॅग

पहिली अडचण एजंटच्या डोक्यातच असते. क्यूबकॉन्फॉर्मच्या आधी याच कामासाठी क्यूबव्हॅल होतं. त्याची देखभाल थांबली आहे आणि त्याचं स्वतःचं रीडमी आता क्यूबकॉन्फॉर्मकडे बोट दाखवतं. पण नेटवर क्यूबव्हॅलबद्दल भरपूर लिहिलेलं आहे, आणि भाषेची मॉडेल तेच वाचून तयार झालेली असतात. त्यामुळे एजंट मोठ्या आत्मविश्वासाने --स्किप-काइंड्स किंवा --अॅडिशनल-स्कीमा-लोकेशन्स लिहितो. हे फ्लॅग क्यूबव्हॅलचे. क्यूबकॉन्फॉर्ममध्ये त्यांच्या जागी -स्किप आणि -स्कीमा-लोकेशन आहेत. घोळ वाढतो तो दोन्हीकडे सारख्या असलेल्या नावांमुळे: -स्ट्रिक्ट, -कुबरनेटिस-व्हर्जन, -इग्नोर-मिसिंग-स्कीमाज. क्यूबकॉन्फॉर्म वापरतं त्या गो भाषेच्या फ्लॅग पॅकेजला एक डॅश आणि दोन डॅश दोन्ही चालतात, म्हणून अर्धी कमांड बरोबर चालते आणि अर्धी अडते. तेव्हा डॉक्युमेंटेशनमध्ये एक ओळ सरळ घालावी: ‘इथे क्यूबव्हॅल वापरत नाही, हे दोन फ्लॅग अस्तित्वात नाहीत, त्यांच्याऐवजी हे वापर.’ माणसाला ही ओळ निरर्थक वाटेल. एजंटच्या दोन-तीन फुकट फेऱ्या तिच्यामुळे वाचतात.

कमांड एकच असावी

एजंटला फ्लॅगची यादी देऊ नये, एक तयार कमांड द्यावी. मेकफाइलमध्ये ‘व्हॅलिडेट’ नावाचं टार्गेट, त्यामागे एक छोटी शेल स्क्रिप्ट, आणि डॉक्युमेंटेशनमध्ये ‘मेक व्हॅलिडेट चालव, क्यूबकॉन्फॉर्म थेट चालवू नकोस’. फ्लॅग स्क्रिप्टमध्ये राहतात आणि ती स्क्रिप्ट कोडओनर्स फाइलमध्ये (कुठल्या फाइलच्या बदलाला कुणाची मंजुरी लागते ते सांगणाऱ्या) एखाद्या माणसाच्या नावावर लावता येते. एजंटने तिला हात लावला तर तो बदल रिव्ह्यूमध्ये अडतो. ‘फ्लॅग बदलू नकोस’ ही नुसती सूचना लांबलेल्या सेशनमध्ये विसरली जाऊ शकते. कोडओनर्सचं तसं नसतं.

स्क्रिप्टमधल्या कमांडचा सांगाडा असा:

क्यूबकॉन्फॉर्म -स्ट्रिक्ट -समरी -आउटपुट जेसन -कुबरनेटिस-व्हर्जन १.३१.० -स्कीमा-लोकेशन डीफॉल्ट -स्कीमा-लोकेशन ‘सीआरडी स्कीमांचा पत्ता’

यातल्या प्रत्येक तुकड्याचं कारण एका ओळीत लिहून ठेवावं, कारण कारण नसलेला फ्लॅग एजंटला अनावश्यक वाटतो आणि ‘साफसफाई’त उडतो.

-कुबरनेटिस-व्हर्जन दिलं नाही तर तपासणी ‘मास्टर’च्या स्कीमावर होते, म्हणजे तुमच्या क्लस्टरवर अजून न आलेल्या फील्डही पास होतात. आवृत्ती तीन आकड्यांत पूर्ण लिहावी लागते, १.३१ चालत नाही, १.३१.० चालतं. ती क्लस्टरच्या आवृत्तीशी जुळती हवी आणि अपग्रेड करताना ती बदलणं अपग्रेडच्या यादीत हवं.

-स्ट्रिक्ट नसेल तर ‘रेप्लिकाज’ऐवजी ‘रेप्लिका’ लिहिलेलं खपून जातं, कारण अनोळखी फील्डला साध्या स्कीमात बंदी नाही. हा फ्लॅग आतून काय करतो ते लिहिणं फायद्याचं आहे. एकच की दोनदा आली तर तो पकडतो, हा एक भाग. दुसरा भाग म्हणजे तो स्कीमाच्या पत्त्यात ‘-स्ट्रिक्ट’ ही शेपटी जोडतो, आणि त्यामुळे वेगळ्या फोल्डरमधले, अनोळखी फील्डना मनाई करणारे स्कीमे वाचले जातात. म्हणजे कुणी स्वतःचा स्थानिक पत्ता देताना त्यात साध्या फोल्डरचं नाव थेट लिहून टाकलं, तर फ्लॅग जागेवर असतो, कमांड दिसायला कडक असते, आणि चुकीच्या फील्ड आरामात पास होतात. एरर काहीच येत नाही. स्थानिक प्रत वापरत असाल तर पत्त्याच्या साच्यात स्ट्रिक्टसफिक्सची जागा आहे ना, हे आधी बघा.

-स्कीमा-लोकेशन स्वतः दिलं की मूळचा पत्ता आपोआप गळतो. म्हणून ‘डीफॉल्ट’ हा शब्द वेगळा द्यावा लागतो. हे न लिहिल्याने होणारी साखळी अगदी ठरलेली आहे: एजंट सर्टमॅनेजरच्या सर्टिफिकेटसाठी सीआरडींच्या (कुबरनेटिसमध्ये बाहेरून जोडलेल्या रिसोर्स प्रकारांच्या) कॅटलॉगचा पत्ता जोडतो, ‘डीफॉल्ट’ राहून जातं, डिप्लॉयमेंटपासून सर्व्हिसपर्यंत सगळ्यांचे स्कीमे ‘सापडत नाहीत’, आणि पुढच्या फेरीत -इग्नोर-मिसिंग-स्कीमाज येतो. आता कॅटलॉगमध्ये असलेली सर्टिफिकेटं तपासली जातात आणि बाकी सगळं स्किप होतं. शून्य मिळालं.

नेटवर्कचंही लिहा. मूळचे स्कीमे गिटहबवरून उतरवले जातात, आणि एजंट बरेचदा बाहेरचं नेट बंद असलेल्या सँडबॉक्समध्ये चालतो. तिथे प्रत्येक रिसोर्सला एरर येते आणि वाचणाऱ्याला मॅनिफेस्टच मोडलेत असं वाटतं. इमेज बनवतानाच हव्या त्या एका आवृत्तीचं स्कीमा फोल्डर आत टाकावं. पूर्ण रेपो अवाढव्य आहे, तो क्लोन करण्याच्या फंदात पडू नये. -कॅश वापरायचं असेल तर तो फोल्डर आधी बनवलेला लागतो. आणि टूलची आवृत्तीही पक्की बांधा, ‘लेटेस्ट’ नको.

आउटपुट वाचायचं कसं

एग्झिट कोडची किंमत टूलगणिक वेगळी असते आणि एजंट एका टूलचा नियम दुसऱ्याला लावतो. टेराफॉर्म प्लॅनला -डीटेल्ड-एग्झिटकोड दिलं की २ म्हणजे ‘बदल आहेत’, चूक नव्हे. प्रॉमटूलमध्ये ३ म्हणजे लिंटच्या तक्रारी. एनजिनएक्सच्या -टी तपासणीत ‘सिंटॅक्स इज ओके’ हे वाक्यसुद्धा स्टँडर्ड एररवर छापलं जातं. फक्त स्टँडर्ड आउटपुट वाचणाऱ्याला यशाच्या वेळी कोरी पाटी दिसते. तेव्हा कोड, अर्थ आणि पुढची कृती हे तीन रकाने कुठल्याही व्हॅलिडेटरच्या पानावर हवेतच.

क्यूबकॉन्फॉर्मची गोची अशी की त्याच्याकडे कोड दोनच. मॅनिफेस्ट चुकीचा असला तरी १, स्कीमा उतरवता आला नाही तरी १. पहिल्यात फाइल दुरुस्त करायची असते, दुसऱ्यात फाइलला हात लावायचा नसतो. फरक कळतो तो जेसनमधल्या ‘स्टेटस’वरून: स्टेटसइनव्हॅलिड म्हणजे स्कीमाशी जुळलं नाही, स्टेटसएरर म्हणजे तपासणीच झाली नाही. डॉक्युमेंटेशनमध्ये हे असं लिहावं: ‘स्टेटसएरर आला तर लगेच मॅनिफेस्ट बदलू नकोस. मेसेज वाच. स्कीमा सापडला नाही असं असेल तर एपीआय आवृत्ती क्लस्टरच्या आवृत्तीत अजून आहे का ते बघ, नसेल तर फक्त ती ओळ बदल. डाउनलोड झालं नाही असं असेल तर थांब आणि कळव.’ यातलं ‘थांब आणि कळव’ महत्त्वाचं आहे. थांबायची परवानगी कागदावर नसेल तर एजंट काहीतरी करतोच.

-समरी का हवं? जेसनमध्ये पास झालेले आणि स्किप झालेले रिसोर्स -व्हर्बोस दिल्याशिवाय छापले जात नाहीत, आणि व्हॅलिड, इनव्हॅलिड, एरर्स, स्किप्ड हे चारही आकडे समरीतच असतात. समरी नसेल तर किती स्किप झाले ते दिसतच नाही. म्हणून यशाची व्याख्या एग्झिट कोडवर न सोडता अशी लिहावी: इनव्हॅलिड ०, एरर्स ०, स्किप्ड ठरलेल्या संख्येइतकेच, आणि व्हॅलिड शून्यापेक्षा जास्त. शेवटची अट हास्यास्पद वाटते, पण रिकाम्या इनपुटवरही क्यूबकॉन्फॉर्म ० देतं. टेम्प्लेटमधून मॅनिफेस्ट बनवणाऱ्या हेल्मच्या ‘हेल्म टेम्प्लेट’चं आउटपुट पाइपने दिलं, हेल्म मध्येच कोसळलं, तर क्यूबकॉन्फॉर्मला काहीच मिळत नाही, ते शून्य रिसोर्स तपासतं आणि पास म्हणतं. स्क्रिप्टमध्ये पाइपफेल (पाइपमधली कुठलीही कमांड मोडली तर अपयश मानणारी शेलची सेटिंग) चालू ठेवणं हा एक बंदोबस्त, व्हॅलिडचा आकडा बघणं हा दुसरा. दोन्ही ठेवा. फोल्डर दिला असेल तर .वायएएमएल, .वायएमएल आणि .जेसन एवढीच एक्स्टेन्शन बघितली जातात, त्यामुळे फाइलचं नाव चुकलं तरी तोच रिकामा ‘पास’ मिळतो.

मेसेजचा मजकूर तपासून निर्णय घेणाऱ्या स्क्रिप्ट एजंटला लिहू देऊ नका. आतली जेसन स्कीमा लायब्ररी बदलली की त्या वाक्यांची रचना बदलू शकते. फाइलनेम, काइंड, नेम आणि स्टेटस या फील्डवर भरवसा ठेवा. ‘एमएसजी’ वाचायला आहे.

तीनशे रिसोर्स एकाच कारणाने मोडले असतील तर जेसन लांबलचक होतं आणि समरी येते शेवटी. बरीच एजंट टूल मोठं आउटपुट मधूनच कापतात. स्क्रिप्टने आधी समरी छापावी, मग पहिल्या वीस एरर, आणि पूर्ण जेसन एका फाइलमध्ये ठेवून तिचा पत्ता द्यावा.

एरर कुठे, दुरुस्ती कुठे

खरा मजकूर इथे लागतो, कारण ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ हा प्रकार कॉन्फिगरेशनमध्ये रोजचा आहे. क्यूबकॉन्फॉर्म ओळ क्रमांक देत नाही. ते फाइल, काइंड, नाव आणि ‘/स्पेक/रेप्लिकाज’ असा मार्ग देतं. एकाच फाइलमध्ये तीन डॅशनी वेगळी केलेली दहा डॉक्युमेंटं असतील तर काइंड आणि नाव धरून आधी योग्य डॉक्युमेंट शोधायचं, मग मार्ग चालायचा, हे शब्दांत लिहून द्यावं. नाहीतर ‘रेप्लिकाज’ शोधून पहिल्या सापडलेल्या ठिकाणी बदल होतो.

हेल्म आलं की गुंता वाढतो. चार्टमधल्या टेम्प्लेट फाइल महिरपी कंसांमुळे वैध वायएएमएल नसतात, म्हणून तपासणी नेहमी रेंडर झालेल्या मजकुरावर होते आणि एररमध्ये फाइलचं नाव ‘एसटीडीइन’ एवढंच येतं. हेल्म प्रत्येक डॉक्युमेंटच्या वर ‘सोर्स’ अशी कॉमेंट टाकतं. तिथून मूळ टेम्प्लेट सापडतं. ही एक ओळ सांगितली तर एजंटचा बराच शोध वाचतो.

आकडा आणि स्ट्रिंग यांचं भांडण वेगळ्या परिच्छेदाच्या लायकीचं आहे. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलची व्हॅल्यू स्ट्रिंग लागते. ८०८० असं उघडं लिहिलं की तो आकडा होतो. यस, नो, ऑन उघडे लिहिले की ते बूलियन होतात. एरर येते ‘स्ट्रिंग हवी होती, आकडा मिळाला’. एजंट व्हॅल्यूज फाइलमध्ये जातो, ८०८० भोवती अवतरणचिन्हं घालतो, पुन्हा चालवतो आणि तीच एरर येते. कारण टेम्प्लेट ती स्ट्रिंग अवतरणचिन्हांशिवाय मजकुरात ओततं आणि रेंडर झालेल्या वायएएमएलमध्ये पुन्हा उघडे ८०८० उरतात. दुरुस्ती टेम्प्लेटमध्ये आहे: त्या ठिकाणी पाइप देऊन ‘कोट’ फंक्शन लावायचं. उलट बाजूही लिहा. ‘रेप्लिकाज’ला कोट लावलं की तिथे आकड्याऐवजी स्ट्रिंग जाते आणि ते मोडतं. ‘सगळीकडे कोट लावून टाकतो’ ही एजंटची पुढची चाल असते, म्हणून आधीच सांगून ठेवलेलं बरं.

कस्टमाइझमध्ये, म्हणजे बेस फाइलवर पॅच चढवून मॅनिफेस्ट बनवणाऱ्या टूलमध्ये, धोका अधिक आहे. पॅच फाइल अर्धवटच असते. तिच्यात बदलायच्या फील्ड तेवढ्या असतात. फोल्डर सरसकट क्यूबकॉन्फॉर्मला दिला तर डिप्लॉयमेंटच्या पॅचवर ‘सिलेक्टर नाही’ अशी एरर येते. तांत्रिकदृष्ट्या ती खरी आहे. एजंट पॅचमध्ये सिलेक्टर लिहून टाकतो, आणि त्याने लेबल वेगळी निवडली तर ते थेट बेसवर चढतं. अॅप्स/व्ही१ मध्ये डिप्लॉयमेंटचा सिलेक्टर नंतर बदलता येत नाही, म्हणजे चालू डिप्लॉयमेंटवर अप्लाय नाकारलं जातं आणि मग कुणीतरी ते डिलीट करून नव्याने बनवायचा सल्ला देतं. मूळ चूक मात्र एवढीच की पॅच फाइल तपासायला नकोच होती. डॉक्युमेंटेशनमधलं वाक्य: ‘प्रत्येक ओव्हरलेवर कस्टमाइझ बिल्ड चालवून त्याचं आउटपुट तपास. पॅच, व्हॅल्यूज आणि कस्टमायझेशन फाइल एकेकट्या तपासू नकोस. पॅचमध्ये गहाळ फील्ड भरू नकोस.’ व्हॅल्यूज फाइलवर येणारी ‘काइंड नाही’ ही एररही याच जातीची. तिथे काइंड घालणारे एजंट असतात.

सगळ्यात महागात पडणारी केस सॉप्सची, म्हणजे फाइलमधली गुपितं एन्क्रिप्ट करणाऱ्या टूलची. सॉप्सने एन्क्रिप्ट केलेल्या सीक्रेटमध्ये वरच्या पातळीवर ‘सॉप्स’ नावाचा ब्लॉक असतो. तो सीक्रेटच्या स्कीमात नाही, म्हणून -स्ट्रिक्ट त्याला अनोळखी फील्ड म्हणून नाकारतं. मेसेज अगदी स्वच्छ असतो: ही फील्ड चालत नाही. स्वच्छ मेसेजची स्वच्छ दुरुस्ती म्हणजे ब्लॉक काढून टाकणं, आणि त्याच ब्लॉकमध्ये एन्क्रिप्ट केलेली डेटा की आणि मॅक (मजकुरात फेरफार झाला नाही याची खूण) असतो. तो गेला की ती फाइल डिक्रिप्ट होत नाही. गिटच्या इतिहासातून परत आणता येते हे खरं, पण तोवर डिप्लॉय अडलेलं असतं. इथे -स्किप सीक्रेट हा कायदेशीर अपवाद आहे. त्याची किंमतही लिहा: -स्किप काइंडवर चालतं, एका फाइलवर चालत नाही, त्यामुळे साधी सीक्रेटही तपासणीतून सुटतात. फाइल थेट तपासत असाल आणि एन्क्रिप्टेड फाइलच्या नावात ठरलेली खूण असेल तर -इग्नोर-फाइलनेम-पॅटर्न हा नेमका उपाय. पाइपमधून आलेल्या मजकुराला नावच नसतं, तिथे -स्किपशिवाय गत्यंतर नाही.

यावरून पानाची रचना आपोआप ठरते. प्रत्येक नेहमीच्या एररसाठी चार गोष्टी: मेसेजचा ओळखू येईल असा तुकडा, कारण, दुरुस्तीची जागा, आणि निषिद्ध दुरुस्ती. चौथी गोष्ट माणसांसाठीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये सहसा नसते. इथे तिच्याशिवाय बाकीच्या तिन्ही लंगड्या पडतात.

पास झालं तरी

स्कीमा तपासणीच्या मर्यादा उदाहरणांनी लिहा. ‘सिमँटिक तपासणी होत नाही’ या वाक्याचा एजंटला काही उपयोग नाही.

मेमरी ‘५१२एमबी’ लिहिली तर क्यूबकॉन्फॉर्म पास करतं, कारण स्कीमाच्या दृष्टीने ती स्ट्रिंग आहे. एपीआय सर्व्हर ती नाकारतो. ‘५१२’ पुढे धाकटा एम लावला तर ते दोन्हीकडे चालतं आणि अर्थ होतो अर्ध्या बाइटच्या आसपास, कारण धाकटा एम म्हणजे मिली. बहुतेकांना हवं असतं ते एमआय. सिलेक्टर आणि टेम्प्लेटची लेबलं जुळत नाहीत, रिक्वेस्ट लिमिटपेक्षा मोठी आहे, नावात कॅपिटल अक्षर किंवा अंडरस्कोर आहे, अस्तित्वात नसलेल्या कॉन्फिगमॅपचा उल्लेख आहे: यातलं काहीही क्यूबकॉन्फॉर्मला दिसत नाही. पहिली तीन एपीआय सर्व्हर पकडतो. चौथं तोही पकडत नाही. पॉड उभा राहताना ते कळतं.

म्हणून दुसरी पायरी ‘क्यूबसीटीएल अप्लाय’ला --ड्राय-रन=सर्व्हर देऊन, म्हणजे प्रत्यक्ष काही न लिहिता एपीआय सर्व्हरकडून तपासून घेऊन. इथे एक गोष्ट बऱ्याच ठिकाणी सुटते. सर्व्हर ड्राय-रनला लागणारे अधिकार खऱ्या अप्लायइतकेच असतात. आरबॅकच्या (कुबरनेटिसच्या अधिकारनियमांच्या) लेखी दोन्हीत फरक नाही. एजंटला ‘फक्त ड्राय-रन’साठी दिलेला टोकन लिहायचाही टोकन असतो, आणि फ्लॅग लावायला विसरणं एवढंच मध्ये उरतं. त्यामुळे ही पायरी एजंटसाठी ‘काइंड’ नावाच्या टूलने (हे डॉकरमध्ये क्लस्टर उभारतं, वरच्या काइंड फील्डशी संबंध नाही) उभारलेल्या फेकून देण्याजोग्या क्लस्टरवर करावी, त्याच आवृत्तीच्या, सीआरडी आधी लावून. नेमस्पेस आणि सीआरडी तिथे नसतील तर ड्राय-रन भलत्याच कारणाने मोडतं, आणि ते कारणही पानावर हवं. प्रॉडक्शनचा क्यूबकॉन्फिग (क्लस्टरचा पत्ता आणि प्रवेशाची माहिती असलेली फाइल) एजंटच्या मशिनवर असूच नये. डॉक्युमेंटेशन हा त्यावरचा उपाय नाही.

कुठे आणि किती

रेपोच्या मुळाशी एजंट्स.एमडी (एजंटसाठीच्या सूचनांची फाइल) असेल तर त्यात या विषयाच्या आठ-दहापेक्षा जास्त ओळी नकोत: कमांड, यशाची व्याख्या, बंद वाटा, आणि सविस्तर पानाचा पत्ता. ही फाइल दर सेशनला पूर्ण वाचली जाते, तिच्यात एररचा कोश भरला तर संबंध नसलेल्या कामांनाही तो ओढत न्यावा लागतो. एररचा कोश वेगळ्या पानावर किंवा स्किलच्या (एजंटने लागेल तेव्हा उघडायच्या सूचनांच्या) स्वरूपात. स्किल.एमडीमध्ये सुरुवातीला फक्त नाव आणि वर्णन मॉडेलसमोर असतं, बाकी मजकूर गरजेला उघडला जातो. तेव्हा वर्णनात ‘कुबरनेटिस मॅनिफेस्ट, हेल्म चार्ट किंवा कस्टमाइझ ओव्हरले बदलल्यावर वापर’ असं कधी वापरायचं ते लिहा. ‘मॅनिफेस्ट तपासण्यासाठी उपयुक्त साधन’ अशा वर्णनाने ते उघडलंच जात नाही.

एमसीपी सर्व्हर (एजंटला टूल पुरवणारा सर्व्हर) बनवायचा का? शेल असलेल्या एजंटला गरज नाही. शेल नसेल तर बनवा, आणि एक काळजी घ्या: मॅनिफेस्ट चुकीचा निघणं हा टूलचा यशस्वी निकाल आहे. एमसीपीच्या निकालातलं इझएरर तेव्हाच खरं करा जेव्हा तपासणीच करता आली नाही. नाहीतर इनव्हॅलिड आणि एरर यांची वर इतक्या कष्टाने केलेली फोड पुन्हा एक होते.

पानाची चाचणी

डॉक्युमेंटेशन बरोबर आहे का हे वाचून ठरत नाही. मुद्दाम मोडलेल्या फाइलचा एक संच रेपोत ठेवा, एररच्या कोशातल्या प्रत्येक नोंदीला एक: जुन्या एपीआयचा क्रॉनजॉब, कोट नसलेलं टेम्प्लेट, सॉप्सचं सीक्रेट, सिलेक्टर नसलेला पॅच, रिकामं रेंडर होणारा चार्ट. सीआयमध्ये प्रत्येकावर मेक व्हॅलिडेट चालवून अपेक्षित निकाल येतो का ते बघा. टूलची आवृत्ती वाढवल्यावर मेसेजचे तुकडे बदललेत का तेही इथेच कळतं. मग कोऱ्या सेशनमधल्या एजंटला एकेक फाइल आणि फक्त हे पान द्या. निकाल एग्झिट कोडवर ठरवू नका, डिफ वाचा. क्रॉनजॉबच्या केसमध्ये अपेक्षित डिफ एका ओळीचा आहे, एपीआय आवृत्ती ‘बॅच/व्ही१’. सॉप्सच्या आणि पॅचच्या केसमध्ये अपेक्षित डिफ रिकामा आहे. डिफमध्ये व्हॅलिडेट स्क्रिप्ट दिसली, किंवा एखादी फील्ड नुसती गायब झाली, तर त्या नोंदीची ‘निषिद्ध दुरुस्ती’ ही ओळ पुन्हा लिहायची आणि तीच केस पुन्हा कोऱ्या सेशनमध्ये चालवायची.